वेधशाळेतील सार्वजनिक आकाशदर्शन : कोणती रात्र निवडावी आणि काय दाखवावे?

पुनर्वसू :

नमस्कार. वेधशाळांमध्ये लोकांसाठी आकाशदर्शनाचे कार्यक्रम भरवणारे आणि त्यांना आवर्जून जाणारे असे दोन्ही प्रकारचे सभासद इथे आहेत, म्हणून हा विषय एकदा सविस्तर चर्चेला घ्यावा असे वाटले. माझे मत आधीच सांगून टाकतो. असे कार्यक्रम ढगांमुळे जितके फसतात, त्याहून अधिक पाहुण्यांच्या मनातल्या अपेक्षेमुळे फसतात. अवकाशातील दुर्बिणींनी टिपलेली लाल-निळी छायाचित्रे वर्षानुवर्षे पाहिलेला माणूस रांगेत ताटकळतो, त्याची पाळी येते, नेत्रिकेत, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगात, त्याला एक राखाडी धूसर डाग दिसतो आणि तो सौजन्याने "छान" म्हणून बाजूला होतो. तो पुन्हा येत नाही. म्हणून रात्र कोणती आणि वस्तू कोणती, हे आपल्याकडे केवढी दुर्बीण आहे यावरून न ठरवता नवख्या डोळ्याला प्रत्यक्ष काय दिसू शकते यावरून ठरवावे.

पहिला प्रश्न तिथीचा. लोकांचा आग्रह पौर्णिमेचा असतो, पण दुर्बिणीतून चंद्र पाहायला तीच सर्वांत वाईट रात्र आहे. सूर्यप्रकाश चंद्रावर अगदी समोरून पडत असल्यामुळे विवरांच्या सावल्या नाहीशा होतात आणि सगळा पृष्ठभाग सपाट, चुन्यासारखा पांढरा दिसतो. याउलट शुद्ध अष्टमीच्या आसपासचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास आकाशात उंच असतो, मध्यरात्रीच्या आगेमागे मावळतो, आणि त्याच्या उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर ऊन तिरपे पडत असल्यामुळे लहान टेकडीचीही लांबलचक सावली दिसते. टॉलेमियस, अल्फोन्सस आणि आर्झाकेल ही एकाखाली एक असलेली तीन विवरे त्या दिवशी सीमारेषेलगत येतात. आणखी एक-दोन दिवसांनी सुमारे ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस उजेडात येते, आणि त्याच्या आतील पायऱ्या-पायऱ्यांचे कडे मध्यम आकाराच्या दुर्बिणीतूनही स्पष्ट दिसतात.

ही सीमारेषा चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी सुमारे १५ किलोमीटर, म्हणजे साधारण सायकलस्वाराच्या वेगाने सरकत असते. अंधाऱ्या बाजूला एखाद्या शिखराचे टोक तेवढे उजळलेले दिसते आणि बाकी डोंगर काळोखात असतो. सुरुवातीलाच ते टोक दाखवून ठेवले आणि दोन-तीन तासांनी त्याच माणसाला पुन्हा नेत्रिकेकडे बोलावले, तर त्या टोकाभोवतीचा उजेड पसरलेला असतो. चंद्रावरची सकाळ होताना पाहिली, असे तो घरी जाऊन सांगतो. कोणत्याही व्याख्यानाने हे साधत नाही.

आपले अनुभव जरूर लिहावेत, मतभेद असल्यास तेही.

रात्रपाळी :

विषय उत्तम आहे, पण तिथीबाबत माझे मत वेगळे आहे. सर्वच कार्यक्रम अष्टमीला ठेवले, तर लोक चंद्र आणि एखादा ग्रह एवढेच पाहून जातील. अष्टमीच्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या जेमतेम दहाव्या भागाइतका असतो, हे मान्य. तरीही तेवढा उजेड देवयानी दीर्घिकेच्या कडा पुसून टाकायला पुरेसा असतो. ही दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि आकाशात तिची लांबी चंद्रबिंबाच्या सहापट भरते, पण चांदण्यात तिचा फक्त मधला गाभा शिल्लक राहतो. अमावास्येच्या आसपास निदान एक रात्र राखून ठेवलीच पाहिजे.

आता अपेक्षेबद्दल. अंधूक वस्तू फिकी दिसते, यात दोष अनेकदा वस्तूचा नसून घाईचा असतो. अंधारात आल्यावर डोळ्याची बाहुली थोड्याच वेळात मोठी होते, पण दृष्टिपटलावरील, मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशी पूर्ण संवेदनशील होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. कार्यक्रमाला आलेला माणूस वाहनतळाच्या दिव्यांखालून येतो, रांगेत उभ्या उभ्या मोबाईल पाहतो आणि थेट नेत्रिकेला डोळा लावतो. त्याला तेजोमेघ दिसेल कसा? रांगेच्या जागी फक्त मंद तांबडा दिवा असावा, कारण गडद तांबड्या प्रकाशाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही. तो दिवाही मंदच हवा. तांबडा पण प्रखर दिवा लावून काही साधत नाही.

दुसरी युक्ती तिरक्या नजरेची. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच. त्या मध्यापासून सुमारे १५ ते २० अंशांवर सर्वांत दाट असतात. त्यामुळे अंधूक वस्तूकडे रोखून पाहिले तर ती गायब होते आणि तिच्या बाजूला पाहिले तर उमटते. रांगेतल्या माणसांना हे आधी समजावून सांगितले, तर "काहीच दिसत नाही" या तक्रारी निम्म्याहून कमी होतील, असा माझा अंदाज आहे.

शर्मिष्ठा :

मी शाळेतील मुलांना घेऊन वेधशाळेत जात असते, त्यामुळे या दोघांच्या वादात न पडता नेत्रिकेपाशी नेमके काय घडते तेवढे लिहिते.

मुले (आणि त्यांचे पालकही) पहिल्यांदा नेत्रिकेला हात लावतात. हाताच्या धक्क्याने दुर्बीण हलते, शनी दृष्टिक्षेत्राबाहेर जातो आणि पुढची दोन मिनिटे स्वयंसेवक तो शोधत बसतो. त्यावर उपाय एकच : "हात पाठीमागे बांध, आणि वाकून डोळा जवळ ने." दुसरी अडचण एक डोळा मिटण्याची. लहान मुलांना ते जमत नाही, मग दोन्ही डोळे मिटतात. एका तळहाताने दुसरा डोळा झाकायला सांगितले की प्रश्न सुटतो. तिसरी अडचण अशी की डोळा नेत्रिकेपासून दूर राहिला तर सगळे काळे दिसते, फार जवळ नेला तर पापण्या काचेला लागतात, आणि योग्य अंतर सापडेपर्यंत मागचे लोक कुजबुजायला लागतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, "दिसले का?" असा प्रश्न कधीही विचारू नये. मुले भिडेपोटी हो म्हणतात. "गुरूच्या डाव्या बाजूला किती ठिपके आहेत आणि उजव्या बाजूला किती?" असे विचारावे. ते ठिपके म्हणजे गुरूचे चंद्र. उत्तर आले म्हणजे दिसले. नाही आले, तर फोकस जुळवून पुन्हा पाहायला द्यावे. मोठ्यांनाही हाच प्रश्न विचारते, आणि त्यांनाही अनेकदा दुसऱ्यांदा पाहावे लागते.

शनी पाहून "आत चित्र चिकटवले आहे का?" असे विचारणारे दर वेळी कोणीतरी भेटतेच. अशा वेळी स्वयंसेवकाने रागावू नये. आकाशातील वस्तूचा माग काढत दुर्बीण फिरवणारा यंत्रभाग क्षणभर बंद करावा आणि शनी क्षेत्रातून हळूहळू सरकत बाहेर जाताना दाखवावा. चित्र सरकत नाही.

दुर्बीणवाला :

शर्मिष्ठाताईंनी शेवटी लिहिलेल्या युक्तीला आकड्यांची जोड देतो. २०० पट वर्धन आणि ५० अंशांचे आभासी क्षेत्र (नेत्रिकेत डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी) असलेली नेत्रिका घेतली, तर आकाशाचा फक्त पाव अंश दिसतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळची वस्तू तेवढे अंतर एका मिनिटात ओलांडते. म्हणजे माग काढणारी यंत्रणा नसलेल्या दुर्बिणीवर एवढे वर्धन लावले, तर प्रत्येक पाहुण्यानंतर दुर्बीण हलवावी लागणार. अशा ठिकाणी ८० ते १०० पटींवर समाधान मानावे. शनीची कडी त्यातही स्वच्छ वेगळी दिसते.

"ही दुर्बीण किती पट मोठे दाखवते?" हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. नेत्रिका बदलून वर्धन हवे तेवढे वाढवता येते, पण उपयोगी वर्धनाची कमाल मर्यादा ढोबळमानाने वस्तुभिंगाच्या (दुर्बिणीच्या प्रकाश गोळा करणाऱ्या मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या) मिलिमीटरमधील व्यासाच्या दुप्पट असते, आणि हवा अस्थिर असेल तर त्याच्याही बरीच खाली. क्षितिजापासून ३० अंश उंचीवरच्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्या ग्रहाच्या मानाने दुप्पट हवेतून येतो. त्यामुळे ग्रह नुकताच उगवलेला असताना तो दाखवण्याचा हट्ट धरू नये. त्याला वर येऊ द्यावे आणि तोवर दुसरे काही दाखवावे. दिवसभर तापलेला घुमट ऐन वेळी उघडला, तर आतली गरम हवा झिरीतून, म्हणजे घुमटाच्या उघडणाऱ्या फटीतून, बाहेर पडत राहते आणि प्रतिमा पाण्याखालच्या नाण्यागत थरथरते. घुमटाची झीर निदान तासभर आधी, जमल्यास सूर्यास्तालाच उघडावी. आरशाच्या मोठ्या दुर्बिणीला तर याहूनही जास्त वेळ लागतो.

चष्म्याबद्दल दोन शब्द. ज्यांना फक्त जवळचा किंवा दूरचा नंबर आहे त्यांनी चष्मा काढून पाहावे, कारण तेवढा फरक फोकसने भरून निघतो. दंडगोलीय (सिलिंड्रिकल) नंबर जास्त असणाऱ्यांनी मात्र चष्मा ठेवावा, आणि त्यांच्यासाठी डोळा दूर ठेवूनही पूर्ण क्षेत्र दिसेल अशी नेत्रिका हाताशी असावी.

नवखा_प्रवासी :

मी अजून एकदाही वेधशाळेत गेलेलो नाही, पुढच्या कार्यक्रमाला जाण्याचा विचार आहे. वरील चर्चा वाचून थोडे दडपण आले. मोबाईलने छायाचित्र काढता येते का? आणि मंगळ चंद्राएवढा दिसणार असा निरोप मला दर वर्षी येतो, त्यात कितपत तथ्य आहे?

रात्रपाळी :

दडपण मुळीच बाळगू नका. हे सगळे सांभाळणे ही आयोजकांची जबाबदारी आहे. आपण थोडे लवकर या, उबदार कपडे घाला आणि एकदा पाहून झाल्यावर पुन्हा रांगेत उभे राहा. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसते, कारण डोळाही सरावतो आणि काय शोधायचे तेही कळलेले असते.

चंद्राचे छायाचित्र मोबाईल नेत्रिकेवर धरून बऱ्यापैकी निघते, परंतु त्यात वेळ जातो, म्हणून ते रांग संपल्यावर काढावे. फ्लॅश बंद आहे याची आधी खात्री करावी. एका फ्लॅशने आसपासच्या सर्वांची अर्ध्या तासाची कमाई जाते.

मंगळाच्या निरोपाचे मूळ २००३ सालचे आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, आणि हजारो वर्षांत तो इतका जवळ आलेला नव्हता. तेव्हाही त्याचे बिंब जेमतेम २५ विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होते, तर चंद्राचे सुमारे १८०० विकलांचे असते. ७५ पट वर्धनातून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, असे मूळ वाक्य होते. त्यातला दुर्बिणीचा उल्लेख गळून पडला आणि उरलेले वाक्य दर ऑगस्टमध्ये फिरत राहिले.

काजवा :

एक वेगळा मुद्दा मांडतो. हल्ली स्वतःच वस्तू शोधून, अनेक छायाचित्रे एकावर एक रचून पडद्यावर रंगीत प्रतिमा दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणी मिळतात. पाच-दहा मिनिटांत मृगातला तेजोमेघ गुलाबी रंगात समोर येतो, रांग लागत नाही, मुलांना शिडी चढावी लागत नाही. मग नेत्रिकेचा एवढा आग्रह कशासाठी? पुनर्वसू यांनी सुरुवातीला मांडलेला अपेक्षाभंगाचा प्रश्नच त्यामुळे उरत नाही.

पुनर्वसू :

काजवा, आपला प्रश्न रास्त आहे, पण माझे उत्तर नकारार्थी आहे. पडद्यावरची प्रतिमा घरीही पाहता येते, आणि तिच्याहून शंभरपट सरस प्रतिमा तिथे आधीच उपलब्ध आहेत. वेधशाळेत येण्याचे कारण वेगळे असते. मृगातल्या तेजोमेघातून सुमारे १३०० वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश मध्ये कोणताही संवेदक न येता थेट आपल्या दृष्टिपटलावर पडतो, ही गोष्ट फक्त नेत्रिकेत घडते. तो राखाडी दिसतो याला कारण आहे आणि ते पाहुण्यांना सांगता येते : पसरट वस्तूची पृष्ठतेजस्विता (तिच्या तेवढ्याच भागाचा उजळपणा) कितीही मोठ्या दुर्बिणीने नुसत्या डोळ्यांना दिसते त्यापेक्षा वाढत नाही, दुर्बीण ती वस्तू फक्त मोठी करून दाखवते, आणि इतक्या मंद प्रकाशात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत. कॅमेरा मात्र प्रकाश साठवत राहतो.

हे स्पष्टीकरण रांगेत, पाहण्यापूर्वी द्यायचे, नंतर नव्हे. आधी सांगितले तर ती माहिती ठरते आणि नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

ज्यांना रंगच पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी तारे आहेत. हंस तारकासमूहातला अल्बिरिओ हा जोडतारा लहान दुर्बिणीतूनही एक सोनेरी आणि एक निळसर असा स्पष्ट दिसतो. मृगातील काक्षी ताऱ्याचा तांबूसपणा आणि राजन्य ताऱ्याचा निळसर पांढरा रंग यांतला फरक तर नुसत्या डोळ्यांनी कळतो. सप्तर्षीतील वसिष्ठ-अरुंधती ही जोडी सगळ्यांना ऐकून माहीत असते; पण दुर्बिणीतून पाहिल्यावर वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांत फुटतो, तेव्हा लोक थबकतात. दुर्बिणीतून उलगडलेला पहिला जोडतारा तोच, १६१७ साली. हा माझ्या यादीतला सर्वांत भरवशाचा पदार्थ आहे, कारण त्याला ना अंधार लागतो ना अमावास्या.

दुर्बीणवाला :

पुनर्वसू यांच्याशी सहमत आहे, पण पडद्याला पूर्ण हद्दपार करू नये. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या पाहुण्यांना किंवा शिडी चढू न शकणाऱ्या ज्येष्ठांना घुमटातील मोठ्या दुर्बिणीची नेत्रिका गाठता येत नाही. त्यांच्यासाठी बाहेर अंगणात बसून पाहता येईल अशी एक ठेंगणी दुर्बीण असावी आणि तेही शक्य नसेल तिथे पडदा असावा. "तुम्ही खालीच थांबा" हे उत्तर कोणालाही द्यायला लागू नये.

एकूणच मोठ्या घुमटापेक्षा अंगणातल्या तीन-चार साध्या दुर्बिणी लोकांना जास्त काही दाखवून जातात, असे माझे मत होत चालले आहे. जॉन डॉब्सन यांनी हेच केले. रामकृष्ण परंपरेच्या मठात बरीच वर्षे संन्यासी म्हणून राहिलेले हे गृहस्थ मठ सोडल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर प्लायवूडच्या साध्या बैठकीवरची मोठी दुर्बीण घेऊन उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावून चंद्र-शनी दाखवत. १९६८ साली त्यांनी त्यासाठी मंडळही स्थापन केले. आज हौशी लोकांकडे दिसणाऱ्या मोठ्या आरशाच्या दुर्बिणींची बैठक त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

शर्मिष्ठा :

दिवसाच्या कार्यक्रमाविषयी कोणीच लिहिले नाही. लहान मुलांना रात्री उशिरापर्यंत थांबवता येत नाही, त्यांच्यासाठी सूर्यदर्शन उत्तम. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते. ते भरात असताना रोज नवे डाग दिसतात. मात्र इथे सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नको. सौरचाळणी, म्हणजे सूर्याचा बहुतेक प्रकाश अडवणारे आवरण, दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे प्रकाश आत शिरण्यापूर्वी घट्ट बसवलेली हवी. काही जुन्या दुर्बिणींसोबत नेत्रिकेवर फिरवून बसवायची गडद काच येत असे. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकू शकते, म्हणून ती वापरूच नये. मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या, वस्तू शोधायच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण घालायला लोक विसरतात, आणि कुतूहलाने मूल नेमके तिथेच डोळा लावते. सूर्यदर्शनाच्या वेळी दुर्बिणीपाशी सतत एक जबाबदार माणूस उभा असावा, चहाला जाताना दुर्बीण सूर्यापासून वळवून ठेवावी.

नवखा_प्रवासी :

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. शेवटचा प्रश्न : शनीची कडी सध्या नीट दिसत नाहीत असे कोणीतरी म्हणाले. मग शनीसाठी थांबावे का?

पुनर्वसू :

थांबू नये. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली, त्यामुळे त्या वर्षी कडी अगदी कडेने, सुईसारखी दिसत होती. साधारण पंधरा वर्षांनी एकदा असे होते. त्यानंतर ती पुन्हा उघडत जातात आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण कललेली दिसतील. दर वर्षी एकदा पाहून ठेवले, तर तो कल वाढत जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळेल. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी पाहिले, १६१२ मध्ये ते नाहीसे झालेले पाहून तो चक्रावला, आणि त्याचे खरे कारण, म्हणजे कडी, १६५९ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने प्रसिद्ध केले. त्या कोड्याचा एक तुकडा आपल्यालाही दिसेल.

रात्रपाळी, आपला अमावास्येचा मुद्दा मी मान्य करतो, मात्र थोड्या बदलासह. अष्टमीचा कार्यक्रम सर्वांना खुला ठेवावा आणि त्याला येऊन गेलेल्यांसाठी अमावास्येच्या आसपासची रात्र मर्यादित नोंदणीने ठेवावी. प्रत्येकाला दोन मिनिटे द्यायची म्हटली तर एका दुर्बिणीवर तासाला तीसच माणसे होतात, आणि अंधूक वस्तूंना दोन मिनिटांहून कमी वेळ देण्यात अर्थ नाही.

रात्रपाळी :

मान्य. फक्त नोंदणी करतानाच लोकांना कळवावे की आकाश ढगाळ असल्यास निर्णय त्या दिवशी दुपारी उशिरा, उपग्रहाचे ताजे चित्र पाहून कळवला जाईल. सकाळीच रद्द केलेल्या कार्यक्रमाच्या रात्री आकाश हमखास निरभ्र असते, आणि मग दुसऱ्या दिवशी वेधशाळेचा दूरध्वनी कोणी उचलायचा यावर स्वयंसेवकांमध्ये भांडण होते.